आजी-आजोबांच्या आठवणी नोंदवताना: आधी प्रसंग, मग अर्थ

बहुतेक घरांत हे काम एकाच पद्धतीने बिघडतं. सगळे जमलेले असतात, कोणीतरी मोबाइल समोर धरतं आणि म्हणतं, "आजोबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना." आजोबा सावरून बसतात आणि जन्मसाल, शाळा, नोकरी, बदल्या, निवृत्ती असं ओळीने सांगून टाकतात. वीस-पंचवीस मिनिटांत आयुष्य आटोपतं. ती फाइल मोबाइलमध्ये पडून राहते, पुढे मोबाइल बदलतो आणि पाच वर्षांनी ती कोणालाच सापडत नाही. सापडली तरी ऐकवत नाही, कारण तिच्यात आजोबा नसतात, त्यांचा बायोडेटा असतो.

यात आजोबांचं काही चुकलेलं नाही. इतका मोठा प्रश्न विचारला की कोणीही सारांशच देतो. माणसाला आपलं आयुष्य सार्थ वाटतं ते प्रसंगांमधून: कोण दारात उभं होतं, कुठला आवाज आला, काय बोलायचं राहून गेलं. तो प्रसंग नीट आठवून झाला की "त्याने माझं काय झालं" हे माणूस आपणहून बोलू लागतो. म्हणून या सगळ्या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी तयारी, मग प्रसंग, मग अर्थ, आणि शेवटी लिहिलेलं त्यांनाच परत वाचून दाखवणं. क्रम उलटा केला की काम फसतं.

एका व्यक्तीसाठी हिशेब असा धरा: तयारीला दोन संध्याकाळी, तासाभराच्या सहा बैठका (आठवड्याला एक), आणि लिहून काढायला चोवीस ते छत्तीस तास. वेळ कमी असेल तर बैठका तीन करा. तयारी आणि वाचून दाखवणं मात्र गाळू नका.

पायरी १: परवानगी आणि हद्द

पहिली बैठक ठरवण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या आणि कागदावर लिहा.

एक, हे कोण ऐकणार: फक्त मुलं-नातवंडं, की सगळे नातेवाईक? दोन, कोणता विषय काढायचा नाही? तीन, सांगून झाल्यावर "हे नको" असं वाटलं तर काय करायचं? तिसऱ्याचं उत्तर एकच असू शकतं: तो भाग पुसायचा, कारण विचारायचं नाही. हे आधीच कळलं की माणूस मोकळा होतो. खरं तर पुसायची वेळ फारशी येत नाही. पुसता येतं हे माहीत असणं पुरेसं असतं.

इशारा: गुपचूप रेकॉर्डिंग करू नका, कितीही चांगल्या हेतूने असलं तरी. एकदा लक्षात आलं की तो माणूस पुढे तुमच्यासमोर जपूनच बोलेल.

ज्यांच्याबद्दल सांगितलं जाईल ती माणसंही अनेकदा हयात असतात. कोणाचं आजारपण, कर्ज, भांडण यांचा उल्लेख आला तर त्या नोंदीपुढे तेव्हाच खूण करून ठेवा. काय ठेवायचं ते पायरी ९ मध्ये ठरेल.

पायरी २: आयुष्याची पट्टी

एक लांब कागद आडवा घ्या आणि त्यावर दहा-दहा वर्षांचे रकाने आखा. प्रत्येक रकान्यात चारच गोष्टी भरा: राहण्याची जागा, घरातली माणसं, रोजचं काम, आणि त्या दशकातला एखादा मोठा बदल. हे तुम्ही एकट्याने किंवा इतर नातेवाइकांना विचारून भरा. बैठकीचा मौल्यवान वेळ सालं विचारण्यात घालवायचा नसतो. माणूस सालं आठवू लागला की प्रसंग मागे सरकतात.

सगळ्या दशकांना सारखा वेळ देऊ नका. स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलेली गोष्ट आहे की उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत ठसठशीत आठवतं. पहिल्या प्रेमाचं, पहिल्या कमाईचं, घर सोडण्याचं, मित्रांचं वय ते हेच. सहापैकी दोन बैठका या वीस वर्षांसाठी राखून ठेवा. याउलट तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं स्वतःचं असं जवळजवळ काहीच आठवत नाही. तिथलं जे सांगितलं जातं ते बहुधा इतरांकडून ऐकलेलं असतं. ते अवश्य नोंदवा, फक्त "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" हा प्रश्न जोडा. त्या उत्तरात अनेकदा आणखी एक पिढी सापडते.

पट्टीवर एक जास्तीची ओळ ठेवा: माणसांची. एका घरात तीन काका असतात आणि गोष्टीत सगळेच "काका" असतात. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि नातं एकदाच लिहून क्रमांक द्या. ऐकणाऱ्या पुढच्या पिढीला "मधली आत्या" म्हणजे कोण ते कळणार नाही.

तपासणी: पट्टी पाहून दहा तरी "इथे काय झालं असेल?" अशा जागा दिसतात का? दिसत नसतील तर आणखी एका नातेवाइकाशी बोला.

पायरी ३: फोटो, वस्तू आणि घराचा नकाशा

आठ ते दहा फोटो निवडा, जास्त नकोत. पन्नास फोटोंचा अल्बम उघडला की "हा अमका, ही तमकी" अशी हजेरी सुरू होते. समारंभाच्या फोटोंपेक्षा साधे, सहज काढलेले फोटो जास्त बोलतात. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या. जुन्या कागदी फोटोंच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा. बॉलपेन नको: त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने झिरपते. मागचा कागद गुळगुळीत असेल तर पेन्सिल उठत नाही. तेव्हा क्रमांक कागदी पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत ठेवा. लहान आकाराचे फोटो ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे मोठे करून पाहता येतात.

फोटो हातात देऊन "हे कोण?" विचारणं ही नेहमीची चूक. त्याऐवजी हे विचारा: फोटो कोणी काढला? त्या दिवशी घरात असूनही फोटोत कोण नाही? फोटो काढून झाल्याबरोबर काय झालं?

यापेक्षाही भरवशाचं साधन म्हणजे घराचा नकाशा. कोरा कागद आणि जाड पेन द्या आणि म्हणा, "लहानपणीच्या घराचा नकाशा काढून दाखवा." चित्र चांगलं येण्याची गरज नाही. दार कुठे होतं, कोण कुठे झोपायचं, पाणी कुठून यायचं, कुठल्या कोपऱ्यात जायला मनाई होती, असं विचारत जा. हात खोल्यांमधून फिरतो तशी माणसं एकेक करून आठवतात. ज्यांच्याकडे "सांगण्यासारखं काही नाही" असं वाटतं अशा अबोल माणसांसाठी सुरुवात नेहमी इथूनच करावी. नकाशावर तारीख घालून तो जपून ठेवा. शेवटच्या प्रतीत तो लागेल.

पायरी ४: खोली आणि रेकॉर्डिंग

महागडी साधनं लागत नाहीत. मोबाइल पुरतो, पण पुढच्या गोष्टी पाळल्या तरच.

खोली लहान आणि मऊ सामानाची निवडा: पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट. मोकळ्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. पंखा, टीव्ही, फ्रिजची घरघर यांची आपल्याला सवय झालेली असते, पण रेकॉर्डिंगमध्ये त्या बोलण्यावर चढतात. दोन मिनिटं गप्प बसून खोली ऐका.

मोबाइल बोलणाऱ्यापासून ३० ते ५० सेंटिमीटरवर, घडी घातलेल्या कपड्यावर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर बोटाची टकटक आणि कपाची खणखण थेट आत जाते. फ्लाइट मोड चालू करा, नाहीतर मध्येच आलेला फोन रेकॉर्डिंग थांबवतो. चार्जिंग पूर्ण असू द्या. दुसरा मोबाइल असेल तर तोही थोड्या अंतरावर चालू ठेवा.

फाइलचा प्रकार निवडता येत असेल तर डब्ल्यूएव्ही (WAV, आवाज न दाबता साठवणारा प्रकार) घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो या मापात एका तासाला सुमारे ५२० एमबी लागतात, म्हणजे सहा तासांना ३ जीबीच्या आसपास. तेवढी जागा आधीच रिकामी करा. डब्ल्यूएव्हीची सोय नसेल तर जी सर्वांत चांगली प्रत मिळते ती घ्या. त्यासाठी बैठक पुढे ढकलू नका.

व्हिडिओचा मोह होतो. आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या चार बैठका फक्त आवाज. कॅमेरा समोर असला की माणूस केसांवर हात फिरवतो, मान ताठ ठेवतो आणि भाषण करतो. चेहरा हवाच असेल तर शेवटच्या बैठकीत पंधरा मिनिटं घ्या, तोवर संकोच गेलेला असतो.

तपासणी: दोन मिनिटं काहीतरी बोलून रेकॉर्ड करा, थांबवा, आणि इअरफोन लावून पूर्ण ऐका. नुसता लाल दिवा पाहून समाधान मानू नका. मग खरं रेकॉर्डिंग सुरू करून पहिल्या वाक्यात तारीख, जागा, दोघांची नावं आणि बैठकीचा क्रमांक बोला.

पायरी ५: बैठक

वेळ त्यांच्या तरतरीची निवडा, तुमच्या सोयीची नको. ऐकू कमी येत असेल तर ज्या कानाने चांगलं ऐकू येतं त्या बाजूला बसा. पाणी, चष्मा, औषधाची वेळ आधीच पाहा. शक्यतो दोघंच बसा. तिसरा माणूस असला की तो दुरुस्त्या करतो ("अगं, ते तेव्हाचं नाही!"), आणि आठवण तिथेच तुटते.

घरात जसं बोलता तसंच बोला. आजीला "अगं आजी, तू" म्हणत असाल तर रेकॉर्डिंगपुरतं "आपण सांगावं" करू नका. ती लगेच पाहुण्यांसमोर बोलल्यासारखी बोलायला लागेल.

तासाची विभागणी ढोबळमानाने अशी:

पहिली दहा मिनिटं हलकी. फोटो, नकाशा, मागच्या वेळचा एखादा धागा.

पुढची पस्तीस मिनिटं दोन, फार तर तीन प्रसंग. तीनपेक्षा जास्त घेतले तर पुन्हा सारांश सुरू होतो.

मग दहा मिनिटं अर्थाची, आणि शेवटची पाच मिनिटं परत वर्तमानात येण्याची.

प्रसंग कसा उघडायचा ते नीट समजून घ्या, कारण सगळं काम इथेच जमतं किंवा बिघडतं. सवयीच्या गोष्टीतून एका दिवसावर यायचं असतं. "शाळा कशी होती?" याला "छान होती" हेच उत्तर मिळतं. "शाळेतला असा एक दिवस सांग, जो अजून डोळ्यासमोर येतो" याला प्रसंग मिळतो. तरीही उत्तर "आम्ही नेहमी जायचो, खेळायचो" असं सवयीच्या भाषेत आलं, तर "असं एकदा नेमकं काय झालं होतं?" विचारा. "जायचो"चं "गेलो" झालं की प्रसंग उघडला असं समजा. मराठीत ही खूण फार उपयोगी पडते. क्रियापदाकडे कान ठेवा.

प्रसंग उघडल्यावर पाच गोष्टी हळूहळू विचारा: कुठे होतास? कोण कोण होतं? काय दिसत होतं, कसला वास, कसला आवाज? कोण काय बोललं, त्याच शब्दांत? तेव्हा मनात काय आलं? पाचही एका दमात विचारले तर चौकशी वाटते. एक विचारा आणि थांबा.

थांबणं हे सगळ्यात अवघड. उत्तर संपलं असं वाटलं की मनात सावकाश दहापर्यंत मोजा. शांततेत माणूस खोल जात असतो, आणि आपण घाईने पुढचा प्रश्न टाकून त्याला बाहेर खेचतो. "हं" सुद्धा कमीच म्हणा. नुसती मान हलवा, नाहीतर रेकॉर्डिंगभर तुमचंच "हं हं" राहील.

नेहमी होणाऱ्या चुका:

उत्तर प्रश्नातच देणं. "तेव्हा फार वाईट वाटलं असेल ना?" यावर समोरचा "हो" म्हणतो आणि खरं काय वाटलं ते कायमचं झाकलं जातं. प्रश्नातल्या एका शब्दाने आठवण वळते हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये दाखवलं. मोटारींच्या अपघाताची तीच फिल्म पाहिलेल्यांना एका गटात "गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?" आणि दुसऱ्यात "आदळल्या तेव्हा किती होता?" अशा धाटणीने विचारलं. जोरदार शब्द ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला, आणि आठवड्यानंतर त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेली काच पाहिल्याचंही आठवलं. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. म्हणून "वाईट", "भीती", "अन्याय" असे शब्द तुमच्या तोंडून आधी येऊ देऊ नका.

मध्येच दुरुस्त करणं. साल चुकलं, क्रम उलटा झाला, मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतं, तरी गप्प बसा. प्रत्येक वेळी आठवताना माणूस ती आठवण नव्याने जुळवतो, त्यामुळे फरक पडतोच. त्याला खोटेपणा समजू नका. चिठ्ठीवर टिपून ठेवा आणि पट्टीवर दोन्ही रूपं लिहा. जमिनीची मालकी किंवा कायद्याचा प्रश्न असेल तर कागदपत्रं पाहायची असतात, आजीची उलटतपासणी घ्यायची नसते.

घोटून गुळगुळीत झालेल्या गोष्टीवर समाधान मानणं. प्रत्येकाच्या चार-पाच ठरलेल्या गोष्टी असतात, शंभरदा सांगितलेल्या, त्याच शब्दांत, त्याच जागी हसू आणणाऱ्या. त्या एकदा पूर्ण ऐका, मध्ये तोडू नका. मग तिच्या कडेचा प्रश्न विचारा: "हे सगळं चाललं होतं तेव्हा तुझी आई कुठे होती?" किंवा "त्या आधीच्या रात्री काय झालं होतं?" ठरलेल्या गोष्टीत याचं उत्तर नसतं, म्हणून माणसाला पुन्हा खरोखर आठवावं लागतं.

आपलीच गोष्ट सांगणं. "माझंही असंच झालं होतं" हे एक वाक्य दहा मिनिटं खातं.

इशारा: तास झाला की थांबा, रंग चढला असला तरी. "हे पुढच्या वेळी इथूनच" असं म्हणून एक शब्द लिहून ठेवा. दमलेला माणूस पुढच्या बैठकीला टाळाटाळ करतो.

पायरी ६: अर्थ विचारणं

प्रसंग पूर्ण झाल्याशिवाय इकडे येऊ नका. "आयुष्याने तुम्हाला काय शिकवलं?" हा प्रश्न सुरुवातीला विचारला की सुविचार मिळतात: कष्ट करावेत, खरं बोलावं. ते कोणाच्याही तोंडी शोभतात, म्हणूनच ते या माणसाचे नसतात.

जीवनकथांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअ‍ॅडम्स मुलाखतीत ठरावीक प्रकारचे प्रसंग मागतात: सर्वांत उंच क्षण, सर्वांत खालचा क्षण, वळण, बालपणीची एक ठळक आठवण. प्रत्येकाचा तपशील झाल्यावरच ते विचारतात की हा प्रसंग तुमच्याबद्दल काय सांगतो. घरच्या बैठकांसाठीही हाच क्रम उत्तम चालतो. प्रत्येक बैठकीत यातला एक प्रकार घ्या, सर्वांत खालचा क्षण मात्र तिसऱ्या बैठकीआधी नको.

अर्थाचे प्रश्न लहान आणि त्या प्रसंगाला बांधलेले असावेत:

"त्या दिवसानंतर तू काय वेगळं करायला लागलीस?"
"हे सगळे प्रसंग आठवताना हाच का आठवला?"
"तेव्हा काय वाटत होतं आणि आज काय वाटतं?"
"हे आजवर कोणाला सांगितलं होतंस?"

शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण तोच सगळ्यात खोल जातो. एखादी आठवण साठ वर्षं कोणालाच सांगितलेली नसते. ती का सांगितली नाही यात त्या माणसाचं अर्धं आयुष्य असतं.

मॅकअ‍ॅडम्स यांच्या अभ्यासात गोष्टींची दोन वळणं ठळकपणे दिसतात: वाइटातून काही चांगलं निघालं असं सांगणारी, आणि चांगलं होतं ते नासलं असं सांगणारी. पहिलं वळण ऐकायला आपल्याला आवडतं, म्हणून आपण नकळत तिकडे ढकलतो: "पण त्यातूनच तुम्ही खंबीर झालात ना?" हे अजिबात करू नका. काही नुकसान नुकसानच राहतं. ते तसंच सांगू देणं, त्याला गोड शेवट न चिकटवणं, हा त्या माणसाचा मान आहे. त्याने स्वतः चांगल्याकडे वळण घेतलं तर ते त्याच्याच शब्दांत लिहा.

जड आठवणी आल्या तर

मृत्यू, हिंसा, फसवणूक, हरवलेलं मूल. यातलं काहीतरी बहुतेक आयुष्यांत असतंच. रडू आलं म्हणजे काही बिघडलं असं नाही. रेकॉर्डिंग घाईने बंद करू नका आणि चालूच ठेवायचा हट्टही करू नका, हळूच विचारा, "थांबूया का?" उत्तर त्यांचं. स्वतःहून तपशील खणू नका. श्वास लागणं, अंग थरथरणं, आपण आत्ता कुठे आहोत याचं भान सुटणं असं काही दिसलं तर विषय तिथेच सोडा, खोलीतल्या समोरच्या वस्तूंबद्दल बोला, पाणी द्या. त्या दिवशी पुन्हा तिकडे जायचं नाही. दुसऱ्या दिवशी भेटा किंवा फोन करा आणि झोप लागली का ते विचारा. त्रास दिवसेंदिवस टिकला तर डॉक्टर किंवा समुपदेशकांची मदत घ्या. तुम्ही नोंद घेणारे आहात, उपचार करणारे नाही.

ज्यांना विसर पडू लागला आहे त्यांच्याबरोबर नियम थोडे वेगळे. बैठक पंधरा-वीस मिनिटांची. "आठवतं का?" हा शब्दच वापरू नका, ती परीक्षा होते आणि नापास झाल्याची लाज चेहऱ्यावर दिसते. हातात वस्तू द्या, ओळखीचं गाणं लावा, आणि जे येईल ते घ्या. तीच गोष्ट पुन्हा सांगितली तर पुन्हा ऐका. हे काम निदान झाल्यावर "वेळ मिळेल तेव्हा" ठेवू नका. इथे लवकर सुरुवात करण्याला पर्याय नाही.

पायरी ७: त्याच रात्रीची कामं

फाइलला नाव द्या: आधी वर्ष-महिना-दिवस, मग व्यक्ती, मग बैठक. उदाहरणार्थ "२०२५-०३-१४_आजी_बैठक-२". असं नाव दिलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. मग तीन प्रती करा: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली निदान एक दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर. मोबाइलमधली मूळ फाइल तिन्ही प्रती उघडून ऐकल्याशिवाय पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेला आवाज ही प्रत धरू नका. तिथे आवाज दाबला जातो.

आठवण ताजी असताना अर्ध्या पानाची यादी करा: कितव्या मिनिटाला कोणता प्रसंग, कोणती नावं, कुठे खूण करायची. सहा तासांचं रेकॉर्डिंग कोणी पूर्ण ऐकत नाही. ही यादी असेल तर नातवंडं थेट बावीसाव्या मिनिटावर जातात.

पायरी ८: लिहून काढणं

एक तास रेकॉर्डिंग ऐकून उतरवायला चार ते सहा तास लागतात. मोबाइलचं मराठी व्हॉइस टायपिंग पहिल्या खर्ड्याला मदत करतं, पण माणसांची आणि गावांची नावं, बोलीतले शब्द, दोघं एकदम बोललेली वाक्यं यांत ते हमखास चुकतं. त्यामुळे पूर्ण रेकॉर्डिंग एकदा ऐकत मजकूर तपासावाच लागतो.

बोली बदलू नका. आजी जे रूप बोलली तेच लिहा; प्रमाण भाषेत आणलंत तर तिचा आवाज गेला. "म्हणजे", "काय ते", अडखळणं, दोनदा आलेला शब्द एवढं काढायला हरकत नाही. वाक्यं जोडून सुंदर करायला हरकत आहे. अवघड शब्दाचा अर्थ चौकटी कंसात द्या, म्हणजे तो तुमचा आहे हे कळेल. दोन बैठकांत एकच प्रसंग वेगळा आला असेल तर दोन्ही ठेवा, तारखेसह.

मांडणी सालावार करण्याचा आग्रह धरू नका. एकेक प्रसंग एकेक प्रकरण, त्याखाली त्याबद्दलचं त्यांचं आजचं म्हणणं. सालं हवीत त्यांच्यासाठी पट्टी शेवटी जोडा.

पायरी ९: परत वाचून दाखवणं

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि माणसाच्या हाती काही पडतं ते इथेच. आयुष्याच्या अखेरीस असलेल्या रुग्णांसाठी कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी विकसित केलेल्या पद्धतीतही बोलणं रेकॉर्ड करून, उतरवून, संपादित करून त्या व्यक्तीला परत वाचून दाखवलं जातं आणि तिची दुरुस्ती घेतली जाते. आपलं बोलणं दुसऱ्याने इतक्या काळजीने ऐकलं हे त्या क्षणी कळतं.

सावकाश, मोठ्याने वाचा, एका वेळी दोन-तीन प्रसंग. तीन प्रश्न विचारत राहा: हे असंच होतं ना? यातलं काही काढायचं का? काही राहिलं का? खूण केलेले, इतरांबद्दलचे भाग इथे ठरवा. "काढ" म्हटलं तर मजकुरातून आणि रेकॉर्डिंगच्या सगळ्या प्रतींमधून काढा. वाचताना रेकॉर्डिंग चालू ठेवा, अर्थात सांगून. आपलीच गोष्ट ऐकताना जे आठवतं ते बहुधा सहाही बैठकांत आलेलं नसतं.

तपासणी: प्रत्येक नाव, नातं आणि फोटोचा क्रमांक त्यांच्याकडून पडताळून झाला का? हे त्यांच्याशिवाय दुसरं कोणी करू शकणार नाही.

छपाई आम्लमुक्त कागदावर करा, आम्ल असलेला कागद कालांतराने पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यांच्या प्रतीचा टाइप १६ पॉइंटचा घ्या, इतरांना १२ चालेल. घराचा नकाशा पहिल्या पानावर लावा. बांधताना शेवटी दहा-बारा कोरी पानं घालायला सांगा आणि त्यांच्या प्रतीसोबत पेन द्या. प्रत हातात पडल्यानंतरच्या आठवड्यात ती पानं भरायला लागतात.